पाडलेल्या चाळीतले मतदार

मी महापालिकेच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. शाळेतली नोकरी म्हटली की निवडणुकीचं काम आलंच. लालबाग-काळाचौकी पट्ट्यातल्या एका यादी भागाची मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहे. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं ते बघायचं आणि मतदार यादी खरी ठेवायची, एवढं हे काम. हा भाग आज शिवडी विधानसभा मतदारसंघात येतो.

2024 च्या विधानसभेआधी याद्यांची दुरुस्ती चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माझ्या यादीत एक जुनी चाळ होती. जागेवर मात्र पत्र्याचं कुंपण, आत पाया खोदणारं यंत्र आणि बाहेर टोलेजंग इमारतीचं रंगीत चित्र. पुनर्विकासाला गेलेली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ. रहिवाशांना त्याच जागेवर नवी घरं मिळायची होती. तोवर कुणी म्हाडाच्या संक्रमण शिबिरात, कुणी बिल्डरकडून भाडं घेऊन डोंबिवलीला, विरारला. या चाळीतल्या बऱ्याच मतदारांविरुद्ध मतदारसंघातल्याच एका तरुणाने नमुना 7 भरून हरकत घेतली होती. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: स्थलांतरित.

नोटिसा पोस्टाने गेल्या आणि परत आल्या, कारण त्या पत्त्यावर दारच उरलं नव्हतं. मतदार नोंदणी अधिकारी असलेल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "बाई, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचं नाव काढता येत नाही. माणसं शोधा, नोटीस हातात द्या." कायदाही तेच सांगतो. पण पांगलेली माणसं शोधायची कुठे?

मला ती सापडली चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत. चाळ पडली तरी मंडळ मोडलं नव्हतं. समोरच्या फुटपाथवर छोटा मांडव घालून गणपती बसत होता. मंडळाच्या खजिनदाराकडे प्रत्येक खोलीचा नवा पत्ता, फोन नंबर, कोण वारलं, कुणाचा मुलगा वेगळा राहायला गेला, सगळं शाईपेनने लिहिलेलं होतं. खोली नंबर मात्र जुनेच ठेवले होते. इतकी चोख नोंद मी सरकारी कागदावरही क्वचित पाहिली आहे.

त्या वहीवरून मी सायनच्या प्रतीक्षानगरात पोचले, संक्रमण शिबिरातल्या एका आजींकडे. पंच्याहत्तरी उलटलेली, कोकणातली बाई. नोटीस वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी स्थलांतरित या शब्दावर मला थांबवलं.

"म्हणजे मी गेले असं लिहिलंय?"

"हो आजी. तुम्ही ते घर सोडलं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मी कुठं सोडलं? घर पाडलं. सोडणं वेगळं नि पाडणं वेगळं, बाई."

चहा ठेवता ठेवता त्यांनी मला त्यांच्या पहिल्या मताची गोष्ट सांगितली. तेव्हा मताचं वय एकवीस होतं. लग्न होऊन त्या नुकत्याच मुंबईत आल्या होत्या, दहा बाय बाराच्या खोलीत. नवरा गिरणीत, युनियन लाल बावट्याची. धाकटे दीर शिवसेनेच्या शाखेत. "एकाच ताटात जेवायचे दोघं. पण कृष्णा देसाईंना मारलं, त्यानंतर महिनाभर बोलले नाहीत. मी मधे बसायची, ह्याला भाकरी दे, त्याला भाकरी दे."

कृष्णा देसाई हे परळचे आमदार, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. 1967 ला निवडून आलेले. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये त्यांचा खून झाला. पोटनिवडणूक लागली ती ऑक्टोबरात. कम्युनिस्टांनी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं, त्यांच्यामागे अनेक विरोधी पक्ष उभे राहिले. शिवसेनेकडून वामनराव महाडिक. महाडिक 1,679 मतांनी जिंकले आणि शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. गिरणगावातली कम्युनिस्टांची पकड सुटत गेली ती तिथपासून, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. पण 1,679 हा आकडा मी वर्गात नुसता फळ्यावर लिहीत आले होते. तो आकडा ज्या खोल्यांमधून आला त्यातली एक खोली, भाकऱ्या वाढणाऱ्या बाईच्या तोंडून, मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग तुम्ही मत..." मी बोलून गेले आणि थांबले. बीएलओने हे विचारायचं नसतं.

"ह्यांना नाही सांगितलं, भावोजींना नाही सांगितलं," आजी म्हणाल्या. "दोघांनीही विचारलं होतं."

सासऱ्यांचा विषय निघाला. ते चिपळूणकडचे कुणबी, खोताचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं कूळ. खोताला वेठ आणि वाटा देऊन काही उरेना म्हणून गिरणीत आलेले. "बाबासाहेब आंबेडकरांनी खोतांच्या विरुद्ध कायदा मांडला, तो आमच्यासाठी, असं मामंजी सांगायचे," आजी म्हणाल्या. मामंजींना स्वतःला तेव्हा मत होतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट मला नीट सांगायला हवी, कारण या भागाचा मतदारसंघ म्हणून इतिहास तिथून सुरू होतो. 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताला 175 जागांची विधानसभा मिळाली. त्यातल्या 15 जागा अस्पृश्यांसाठी राखीव. फेब्रुवारी 1937 च्या निवडणुकीत 'मुंबई शहर (भायखळा आणि परळ)' या मतदारसंघातून राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. परळशी त्यांचं नातं जुनं. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत त्यांनी वीसेक वर्षं काढली होती, आणि 1924 साली ज्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली तीही परळच्याच दामोदर हॉलमध्ये भरली होती. काँग्रेसने समोर उभं केलं पळवणकर बाळू यांना. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज चांभार समाजातला. अस्पृश्य मुलांनी ज्याच्याकडे पाहून मान वर केली असा माणूस. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. दोन अस्सल माणसांमधली ही लढत आपण फारशी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्या निवडणुकीची एक खुबी होती. एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मतं असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपला माणूस निवडून आणायची खरी संधी त्यातून मिळे. पुढे ही पद्धत गेली. 1952 च्या लोकसभेला मुंबई उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेवर नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब हरले, त्यामागे इतर कारणं आहेतच, पण मतपद्धतीतला हा बदलही विसरू नये.

निवडून आल्यावर सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. परळच्या आमदाराने कोकणातल्या जमिनीचा प्रश्न मांडावा हे नकाशा बघून विचित्र वाटेल. गिरणगावाला ते विचित्र वाटलं नाही. इथला कामगार रत्नागिरीचा होता, पगारातली मनिऑर्डर गावी जात होती. पुढच्या वर्षी संपांवर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट बरोबरीने उतरले.

पण 1937 ला सगळ्यांना मत नव्हतं. कर भरत असाल, ठरावीक भाड्याच्या घरात राहत असाल, शिक्षण असेल, तर मत. चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या आठ-दहा गाववाल्यांपैकी भाडेपावती एकाच्याच नावावर असायची. मामंजींना मत होतं की नव्हतं याचं उत्तर अशाच एखाद्या पावतीवर अवलंबून असणार.

भाडेपावती आजींकडे होती. सुनावणीच्या दिवशी त्या नातवाबरोबर टॅक्सीने आल्या, हातात दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून त्यात गुंडाळलेली कागदं. पातळ, पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या, वर मालकाच्या पेढीचं नाव, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर फराटा. शिधापत्रिका. आणि बिल्डरशी झालेला करारनामा, त्यात पर्यायी निवास 'तात्पुरता' असल्याचं कलम. नातवाने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

हरकत घेणारा तरुणही आला होता. त्याच्याविषयी मी मनात राग धरून गेले होते, पण तो खोटं बोलत नव्हता. "साहेब, पत्त्यावर कुणीच राहत नाही. अशा नावांवरच बोगस मतदान होतं. मी कुणाच्या घरावर उठलेलो नाही." त्याची भीती बिनबुडाची नाही. पाडलेल्या इमारतींची नावं वर्षानुवर्षं यादीत पडून राहिली तर त्यांचा गैरवापर होऊ शकतो. माझं म्हणणं इतकंच की त्यावर उपाय माणूस शोधणं हा आहे, नाव खोडणं हा नाही.

साहेबांनी आजींना विचारलं, "आता कुठं राहता?"

"सायनला ठेवलंय."

"मग नाव तिकडे न्यायचं का? नमुना 8 भरला की सायन-कोळीवाड्यात जाईल. मत जवळ पडेल."

"तिथं मी पाहुणी, साहेब. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरचा कारभारी निवडायचा नसतो."

साहेबांनी करारनामा पूर्ण वाचला. मग लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 चं कलम 20 त्या तरुणालाच वाचायला दिलं: नेहमीच्या राहत्या जागेपासून माणूस तात्पुरता दूर गेला, तर तेवढ्याने तो तिथला रहिवासी नाही असं होत नाही. हरकत फेटाळली. तरुणाने आजींना नमस्कार केला, आजींनी त्याला "तुझं गाव कुठलं रे?" विचारलं. निघालं ते संगमेश्वर.

त्या दिवशी मला सर्वांत लागलं ते वेगळंच. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेच्या 17 जागा होत्या, त्या 10 उरल्या. उपनगरांत त्याहून जास्त वाढल्या. लोकसंख्या सरकली तशा जागा सरकल्या, नियमाने ते बरोबरच आहे. परळ, माझगाव, नागपाडा, चिंचपोकळी, उमरखाडी, खेतवाडी ही नावं विधानसभेतून गेली. 1937 च्या जोडनावातलं भायखळा परत आलं, परळ आलं नाही. पण लोकसंख्या सरकली म्हणजे काय झालं? 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले, गिरण्या बंद पडत गेल्या, गिरण्यांच्या जमिनींचे नियम 2001 मध्ये बदलले, आणि ज्यांनी हा भाग उभा केला ते कर्जत-विरारच्या लोकलमध्ये बसले. जनगणनेत ती फक्त घट दिसते. यादीत ती एकेका नावापुढे दिसते, आणि ते नाव कोणत्या कारणाने जातं याला फार महत्त्व आहे. स्वतः ठरवून गेलेला माणूस आणि बिल्डरने थांबवून ठेवलेला माणूस यांना एकच शेरा मारणं अन्याय आहे.

बाकीच्या सुनावण्या अशा एकरंगी नव्हत्या. काहींनी विरारला स्वतःचं घर घेतलं होतं, त्यांनी आपणहून नाव तिकडे नेलं. वारलेल्यांची नावं घरच्यांनीच कमी करून दिली. एका गृहस्थांचं प्रकरण मला अजून छळतं. शेजारच्याच, बांधकाम रखडलेल्या चाळीतले ते. नालासोपाऱ्यात भाड्याने राहून पुष्कळ वर्षं झालेली, बिल्डरचं भाडं बंद, परतीची तारीख कुणी सांगत नाही. "बाई, तात्पुरतं म्हणजे किती वर्षं?" असं त्यांनी मला विचारलं. कलमात त्याचं उत्तर नाही. मुलांच्या शाळा तिकडे, नोकरी तिकडे. शेवटी त्यांनी स्वतःच अर्जावर सही केली. सही करताना खोली नंबर जुना लिहिला, मग खोडून नवा पत्ता घातला.

20 नोव्हेंबरला मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले होते. खजिनदाराने सगळ्यांना फोन केले होते. आजी सकाळीच आल्या, डोंबिवलीचे लोक दुपारनंतर. सध्या माझ्या यादी भागातल्या आणखी दोन चाळी खाली होत आहेत. या वेळी सामान हलायच्या आधीच मी खोल्याखोल्यांतून फिरते आहे: करारनाम्याची प्रत जपून ठेवा, फोन नंबर द्या, नोटीस आली तर सुनावणीला या. एका चाळीत मंडळ नाही, तिथे वही कुणी ठेवायची यावर रविवारी बैठक आहे.