आडजागेची चाचणी

खुर्चीच्या पाठीमागे, खालच्या शिवणीजवळ, क्लीनर लावून पाहिला तेव्हा पांढऱ्या फडक्यावर रंगाचा कणही उतरला नव्हता. अर्ध्या तासाने त्याच खुर्चीच्या डोके टेकण्याच्या जागेवर तोच क्लीनर त्याच हाताने लावला, आणि मळाबरोबर तळहाताएवढा तपकिरी रंग निघून आला. खाली चामड्याचा फिकट, निळसर करडा अंगरंग उघडा पडला. खुर्चीच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "हे तुम्ही काढलंत," त्या म्हणाल्या. त्या घटनेला चार महिने झाले आहेत आणि त्या वाक्याचे पूर्ण उत्तर मला अजून देता आलेले नाही.

घरी जाऊन चामड्याचे फर्निचर साफ करण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी गेली बारा वर्षे करते. ऐकणाऱ्याला ही पुसापुशी वाटते. प्रत्यक्षात पहिला बराचसा वेळ समोरचे चामडे कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्यातच जातो, कारण विकणारे 'अस्सल लेदर' एवढेच सांगून मोकळे होतात आणि घेणाऱ्याला त्याहून अधिक विचारण्याचे सुचत नाही. ॲनिलीन चामड्यात रंग तंतूंमध्ये मुरलेला असतो आणि वर संरक्षक थर जवळजवळ नसतो, त्यामुळे पाण्याचा थेंब त्यात शिरतो आणि जागा गडद होते. पिगमेंटेड चामड्यावर रंगाचा लेप आणि त्यावर पारदर्शक लेप असतो; तिथे थेंब मण्यासारखा उभा राहतो. काही सोफ्यांत तर बसण्याची आणि टेकण्याची जागा चामड्याची, तर बाजू आणि मागचा भाग रेक्झिनचा असतो, आणि मालकांना ते वर्षानुवर्षे माहीतही नसते. या खुर्चीवर थेंब उभा राहिला. भिंगाखाली पोत सर्वत्र एकसारखा, म्हणजे ठशाने उमटवलेला दिसला. पिगमेंटेड चामडे, वय १४ वर्षे. घरगुती वापराला सर्वांत सोशिक समजला जाणारा हा प्रकार असल्यामुळे मी निश्चिंत झाले.

त्या घरात निगा राखली जात नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. बाई दररोज सकाळी ओल्या सुगंधी टिशूने खुर्चीचे दोन्ही हात आणि डोक्याची जागा पुसत, आणि महिन्यातून एकदा अंगाच्या साबणाचा फेस करून खुर्चीसकट सगळा सोफा धूत. कमावलेले चामडे आम्लधर्मी असते. त्याचा पीएच साधारण ४च्या आसपास असतो, तर अंगाच्या साबणवडीचा ९ ते १०. अशा साबणाने पुन्हा पुन्हा धुतल्याने लेप आणि तंतू दोन्ही हळूहळू दुबळे होतात, आणि टिशूंतल्या द्रावणाने तेच काम रोज थोडे थोडे होत राहते. मऊ ब्रशने धूळ काढणे आणि किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे, एवढ्यावर असा सोफा पुष्कळ वर्षे सुखाने राहतो. मनापासून केलेली चुकीची निगा मला हलगर्जीपणापेक्षा अधिक क्लेश देते, कारण ती करणाऱ्याला दोष देता येत नाही. दोष देता येतो तो वस्तूसोबत निगेचा धड कागदही न देणाऱ्यांना.

मात्र डोक्याच्या जागेचा रंग सुटण्याचे मुख्य कारण वेगळे होते. केसांचे तेल आणि घाम लेपात वर्षानुवर्षे मुरत जातात. लेप मऊ पडतो, फुगतो आणि खालच्या तंतूंवरची त्याची पकड सुटते. वरून मळाचे पूट चढत असल्यामुळे हे दिसत नाही. जागा काळी दिसते, म्हणून माणूस मळ काढायला आमच्यासारख्यांना बोलावतो, आणि आम्ही जो मळ काढतो तोच त्या सुटलेल्या रंगाला जागच्या जागी धरून बसलेला असतो.

मला हे माहीत नव्हते असे नाही. माझ्याबरोबर सहा महिन्यांपासून काम शिकणारा मुलगा डोक्याच्या जागेवर बोट फिरवून म्हणालाही होता, "ताई, इथे चिकट लागतंय." मी त्याला सांगितले की तो मळाचा चिकटपणा आहे. नख हलके टेकवून पाहिले असते तर नखाची खूण लेपात उमटली असती आणि उलगडा तिथेच झाला असता. त्या दिवशी त्याचे बोट माझ्या बारा वर्षांपेक्षा शहाणे होते, आणि हे मी त्याला नंतर सांगितलेही.

दुरुस्ती चांगली झाली, हे मात्र मी ठामपणे सांगते. आधी तेल ओढून घेणारा फवारा मारला. तो वाळला की पांढरी भुकटी होते आणि तंतूंतले तेल वर शोषून घेते. एका फेरीत भागले नाही, कारण आतले तेल काही दिवसांत पुन्हा पृष्ठभागावर येते. म्हणून चार दिवस थांबून दुसरी फेरी केली. मग बारीक सँडपेपरने कडा सपाट केल्या, चिरांत भरण घातले आणि रंग जुळवायला बसले. पिवळा, तांबडा, काळा आणि अगदी थेंबभर पांढरा. खिडकीच्या उजेडात जुळलेला तपकिरी दिव्याखाली हिरवट दिसू शकतो, म्हणून दोन्ही उजेडांत पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही. स्पंजाने सात पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळवून, आणि शेवटी झळाळी कमी करणारा पारदर्शक लेप. शेजारच्या भागापासून ती जागा वेगळी काढून दाखवणे अवघड होते.

रंग जुळवताना नमुना मी कधीही आडजागेवरून घेत नाही, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो आणि मूळ रंग टिकलेला असतो. त्याच्याशी जुळवले तर डाग पडल्यासारखे दिसते. हे मी पहिल्या वर्षापासून पाळते. मग क्लीनरची चाचणी त्याच आडजागेवर करून मी समाधान कसे मानले? जिथे कुणी कधी डोके टेकले नाही, हात ठेवला नाही, तिथले चामडे मला कारखान्यातून निघालेल्या लेपाबद्दल सांगते, वापरलेल्या लेपाबद्दल नाही. 'आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा' हे बाटलीबाटलीवर छापलेले वाक्य मीही लोकांना सांगत आले. आता मी दोन चाचण्या करते: एक आडजागेवर, आणि एक थेट मळलेल्या जागेच्या कडेला, नखाएवढी, मालकांना शेजारी उभे करून, आणि काय निघू शकते ते काम सुरू करण्याआधी सांगते. तसे केले असते तरी तो रंग निघालाच असता. पण तेव्हा बाईंनी मला काय म्हटले असते, हे मला ठरवता येत नाही.

खुर्ची पूर्ण झाल्यावर त्यांनी खिडकीजवळ नेऊन ती बारकाईने पाहिली, मेहनतान्यात काहीही न कापता पैसे दिले आणि चहा होईपर्यंत थांबायला सांगितले. मोठ्या सोफ्याचे दोन्ही हात तसेच काळपट होते आणि उजव्या हाताला बोट चिकटत होते. तिथेही लेप सुटत असणार, आणि तेल काढले नाही तर तो आणखी सुटेल, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "ते हात राहू द्या," त्या म्हणाल्या, "जसे आहेत तसे." मी आग्रह केला नाही, आणि तो करायला हवा होता असे मला अजूनही अधूनमधून वाटते.