इल बा

तुकोबांच्या गाथेतला एक अभंग पुण्याकडच्या वाचकाला अडवतो आणि बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या शाळकरी पोराला हसवतो. कानडी बाईनं मराठी नवरा केला, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. 'तिनें पाचारिलें इल बा म्हणोन । येरु पळे आण जाली आतां.' हे 'इल बा' मराठी कोशात किती शोधलं तरी हाती लागायचं नाही. बेळगावच्या खडेबाजारात मात्र ते दिवसभर कानावर पडतं. इल्लि बा, इकडे ये. बाई जवळ बोलावतेय आणि नवऱ्याला वाटतंय, हिनं आपल्याला आण घातली. म्हणून तो पळ काढतो. इथं 'आण' म्हणजे शपथ. तिचा 'आणणे'शी संबंध जोडला की विनोद गेला, आणि 'तैसें मज नको करूं कमळापति' या विनवणीतला जीवही गेला. देवा, ज्याचं बोलणं मला कळायचं नाही अशाशी माझी गाठ घालू नकोस, सज्जनांची संगत दे, एवढंच तर मागणं आहे.

गाण्यातलं गूढ पुष्कळदा असंच शेजारच्या घरातलं असतं.

न कळणारा शब्द तसा प्रामाणिक. तो अडतो, आपण कोणाला तरी विचारतो. फसवतो तो ओळखीचा दिसणारा. ज्ञानदेवांच्या 'कानडा हो विठ्ठलु'मध्ये 'खुणेची पालवी' येते. कोवळी पानं डोळ्यांसमोर आणून माना डोलावणारे कमी नाहीत. पण ही पालवी झाडाची नव्हे. पालवणे म्हणजे हात किंवा पदर हलवून बोलावणे. त्याच ओळीतली 'बुंथी' म्हणजे अंगावरून ओढून घेतलेलं वस्त्र, आणि 'नेदी' म्हणजे देत नाही. आता ओळ लावून बघा: तोंड झाकून खुणेनं बोलावतो, आणि हाक मारली तर ओ देत नाही. खट्याळ आहे की नाही? पानं आणली की हा खट्याळपणा सगळा पाल्यात झाकून जातो.

त्याच अभंगातला 'कर्नाटकु' हा शब्द तर दुहेरी विणीचा. सलग वाचला तर कर्नाटकातला. 'कर' आणि 'नाटकु' असा तोडला तर नाटक करणारा, लीला दाखवणारा. 'कानडा'ही तसाच, कानडी मुलखातला, आणि कळायला अवघड, अगम्य. यातला एकच अर्थ खरा म्हणून भांडणारे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. ओळीला दोन्ही लागतात. आणि पहिल्या अर्थाला इतिहासाचा टेकू आहे: पंढरपुरात होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 सालचा शिलालेख आहे, ज्ञानदेवांच्या जन्माच्या आधीचा. कानडी राजसत्तेचा हात विठ्ठलापर्यंत पोचलेला होता, हे त्यांच्या काळी कोणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं.

पण टेकू मिळाला म्हणून प्रत्येक गाण्याखाली शिलालेख शोधायचा नसतो. हादग्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली 'यादवराया राणी'चं गाणं म्हणतात. 'यादव' ऐकलं की इतिहासप्रेमी माणसाचे कान टवकारतात. बेळगाव भागात रट्ट राजघराण्यानंतर देवगिरीच्या यादवांची सत्ता आली, हे खरंच आहे; त्यामुळं मोह अधिकच. अशा वेळी एक सोपी परीक्षा करावी. ते नाव बोटानं झाका आणि उरलेलं गाणं वाचा. त्यात किल्ला नाही, लढाई नाही, खजिना नाही. रुसलेली सून आहे. तिला समजवायला सासरची माणसं एकेक वस्तू घेऊन जातात आणि ती प्रत्येकाला परत पाठवते. नाव बदललं तरी गाण्याचं काही बिघडत नाही, म्हणजे देवगिरी बाहेरूनच आली. आणि शेवटी अनेक पाठांत नवरा लाल चाबूक घेऊन जातो, तेव्हा ती यायला तयार होते. इतिहास शोधायचाच तर तो या चाबकात आहे. फेर धरणाऱ्या मुली मात्र ती ओळ हसत म्हणतात आणि खिरापत ओळखायला बसतात.

हीच परीक्षा अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीला लावा. वरवर विरहाची लावणी. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी आणि गावाकडं राहिलेली बायको. पण शेवटाकडं बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा ही नावं येतात, आणि मैनेची गत खंडित महाराष्ट्राला जोडली जाते. इथं नावं झाकून बघा, अर्धं गाणं कोसळतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं, गोवा 19 डिसेंबर 1961पर्यंत पोर्तुगीजांकडं होता. या तीन तारखा शेजारी ठेवल्या की ती नावं एका ओळीत का बसली ते कळतं.

वेळ कमी म्हणून मंडळाच्या स्टेजवर शेवट गाळला, की मैना नुसती देखणी उरते. मुंबईत ऐकणारा स्वतःला त्या गड्याच्या जागी ठेवतो. कर्नाटकात राहिलेल्या निपाणीत ऐकणाऱ्याला ती जागा मिळत नाही. गावावर राहिलेली मैना तोच.