व्हायल की पेन: इन्सुलिन निवडतानाचा माझा हिशेब

टाइप २ मधुमेहात गोळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. दिवसातून दोनदा ३०/७० ह्यूमन मिक्स (३० टक्के जलद आणि ७० टक्के संथ इन्सुलिनचं मिश्रण), किंवा गोळ्यांच्या जोडीला रात्री एकदा ग्लार्जिन (दिवसभर सारखं चालणारं इन्सुलिन). नुसत्या खोक्यावरच्या किमतीवरून यातलं काहीच ठरत नाही, म्हणून आधी एका युनिटला किती पडतं ते काढलं.

ह्यूमन मिक्सची १० मिलीची व्हायल (बाटली) ४० आययूची असते, म्हणजे दर मिलीत ४० युनिट, एकूण ४०० युनिट. मला ती १६० रुपयांच्या आसपास मिळते, म्हणजे युनिटला ४० पैसे. ग्लार्जिनचं पेनमध्ये बसणारं ३ मिलीचं कार्ट्रिज १०० आययूचं, म्हणजे ३०० युनिट. ते ६०० ला धरलं तर युनिटला २ रुपये, पाचपट. सकाळी १८ आणि संध्याकाळी १२ युनिट मिक्स घेतलं तर महिन्याला ९०० युनिट, सुमारे ३६० रुपये. सिरिंजचा खर्च वेगळा.

पेनमध्ये एक खर्च चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक वेळी सुई लावल्यावर हवा काढायला २ युनिट बाहेर सोडावी लागतात. म्हणजे रोज २० युनिट ग्लार्जिन घेणाऱ्याला महिन्याला ६०० नव्हे, ६६० युनिट लागतात: १,३२० रुपये, वर सुया. डोस कमी असेल तर नुकसान आणखी वाढतं. उघडलेलं ग्लार्जिन २८ दिवसांनी टाकायचं असतं आणि रोज ८ युनिट घेणाऱ्याचं कार्ट्रिज तोवर संपत नाही.

मी मिक्सपासून सुरुवात केली. त्यातला ७० टक्के भाग एनपीएचचा, म्हणजे संथ इन्सुलिनचा, आणि त्याचा जोर साधारण ४ ते १० तासांत असतो. रात्री ८ ला घेतलेल्या डोसचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. जेवण कमी झालं किंवा लांबलं की शुगर उतरते, आणि झोपेत कळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा पहाटे ३ ला स्ट्रिप लावली. आकडे ५८ आणि ६२ आले, म्हणजे ७० च्या खाली, लो शुगर. तिथे ग्लार्जिनवर जायचा निर्णय झाला.

हे नीट समजून घ्यायला हवं: टाइप २ मध्ये महाग ग्लार्जिनने एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा) फारसं जास्त उतरत नाही. पैसे मोजायचे ते मुख्यतः रात्रीची लो शुगर टाळण्यासाठी. ज्यांचं जेवण वेळेवर असतं आणि पहाटेचे आकडे १०० च्या वर राहतात, त्यांनी स्वस्त व्हायल सोडण्याचं मला कारण दिसत नाही. टाइप १ चं गणित वेगळं. तिथे प्रत्येक जेवणाचा डोस स्वतंत्र लागतो, त्यामुळे मिक्सची अडचण फार होते.

बदलताना डोस जसाच्या तसा उचलायचा नाही. ३० युनिट मिक्समध्ये एनपीएच २१. डॉक्टरांनी त्यातून सुमारे २० टक्के कमी करून १६ ग्लार्जिन दिलं, आणि उपाशीपोटीची शुगर पाहत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवत २० वर आणलं. ग्लार्जिन दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. मिक्स मात्र घेण्याआधी तळहातांत हळूहळू १० ते २० वेळा फिरवायचं. ते एकसारखं गढूळ दिसलं नाही तर डोस खोटा.

सगळ्यात धोक्याची चूक सिरिंजची. ४० आययूला लाल टोपणाची, १०० आययूला नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ओढलं तर २० च्या खुणेवर प्रत्यक्षात ५० युनिट येतात. उलट केलं तर व्हायलमधले फक्त ८. पेन बिघडला म्हणून घरातली जुनी सिरिंज हातात घेताना हे होतं, म्हणून पेनवर गेल्यावर मी लाल टोपणाच्या सिरिंज घरात ठेवल्याच नाहीत.

पेनची सुई ४ मिमीची पुरते. बटण दाबल्यावर १० सेकंद थांबायचं, नाहीतर टोकाशी थेंब राहतो. रोज जागा बदलायची. एकाच जागी टोचलं की गाठ येते, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, शुगर चढते आणि डोस वाढवला जातो. त्यानंतर चांगल्या जागी टोचलं की तोच वाढलेला डोस शुगर खाली आणतो. म्हणून आकडे बिघडले की डोस वाढवायच्या आधी मी पोटावर बोटं फिरवून गाठी तपासतो.