एअर रेग्युलेशन्सचा पेपर आणि टॉवरशी बोलणे : माझा अनुभव

वैमानिक व्हायचे म्हटल्यावर विमान हवेत नेणे आणि सुखरूप खाली आणणे हाच त्यातला अवघड भाग, असा आमच्या घरातल्या सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात माझा कस लागला तो ‘एअर रेग्युलेशन्स’, म्हणजे हवाई नियमांच्या पेपरात. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत हे खरे, परंतु अंदाजपंचे दाहोदरसे करून ७० टक्क्यांपर्यंत मजल जात नाही.

आमचे गाव चोपडा तालुक्यातले. धुळ्याजवळ गोंदूर, तिकडे शिरपूर आणि इकडे जळगावचा विमानतळ असल्यामुळे सरावाची लहान विमाने आमच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. तरीही मी प्रशिक्षणाला जाऊ लागल्यावर आजीने विचारलेच, “वर रस्ता कोन दखाडस रे तुले?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण हवाई क्षेत्राचे सगळे नियम त्याच्याच उत्तरासाठी केलेले आहेत.

आंतरराष्ट्रीय पद्धतीत हवाई क्षेत्राचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात वर्ग आहेत. बहुतेक विद्यार्थी त्यांचा तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत ‘सी’ आणि ‘डी’ यांच्यामध्ये अडखळतात. आमच्या प्रशिक्षकांनी प्रत्येक वर्गापुढे दोनच प्रश्न लिहायला लावले : येथे शिरण्यासाठी मला परवानगी लागते का, आणि दुसऱ्या विमानापासून मला दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची? ‘ए’मध्ये डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याला, म्हणजे व्हीएफआर विमानाला, प्रवेशच नाही. ‘बी’मध्ये नियंत्रक सर्वांनाच एकमेकांपासून दूर ठेवतो. ‘सी’मध्ये तो मला उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांपासून दूर ठेवतो, मात्र माझ्यासारख्याच दुसऱ्या व्हीएफआर विमानाची केवळ माहिती देतो. ‘डी’मध्ये परवानगी लागते, रेडिओवर दुतर्फा संपर्कही लागतो, पण व्हीएफआर विमानाला इतर कोणाहीपासून अंतर राखून दिले जात नाही. ‘जी’मध्ये परवानगीची गरज नाही आणि मिळते ती फक्त माहिती.

यातली ‘डी’ची गोम नीट उमगली की निम्मा अभ्यास झाला, असे माझे मत आहे. परवानगी मिळाली म्हणजे वाट मोकळी झाली, असे नवख्याला सहज वाटते. तापीवरून परतताना विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने एकदा ‘ट्रॅफिक, टेन ओ क्लॉक, थ्री माइल्स’ (घड्याळातल्या दहाच्या दिशेला, तीन मैलांवर दुसरे विमान) असे कळवले, तेव्हा प्रशिक्षकांनी काहीही न बोलता काचेवर डावीकडे बोट टेकवले. पात्रातल्या वाळूच्या चकाकीवर पांढरे विमान दिसेना. त्याचा पंख कलला, सावली हलली, आणि मग ते नजरेस पडले. ते दिसल्यावरच मी ‘ट्रॅफिक इन साइट’ (विमान दिसले) म्हटले. शोधायचे मला आणि चुकवायचेही मलाच होते.

व्हीएफआरच्या अटी पुस्तकात कोरड्या वाटतात : दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दृश्यता, ढगांपासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे हजार फूट अंतर. शिवाय आपल्या देशात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी वीस मिनिटांपर्यंत व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. खानदेशात मे महिन्याच्या धुळकट दुपारी आणि हिवाळ्यात नदीकाठच्या धुक्यात या आकड्यांना एकदम अर्थ येतो. आमच्याकडे अंतर ठाऊक असलेली एक पाण्याची टाकी ठरलेली होती. ती दिसली नाही की त्या सकाळी फाइल मिटून चहा प्यायचा, त्यावर वाद नाही.

रेडिओची भीती मात्र अनेकांना पेपरापेक्षा जास्त वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीचे दडपण येते, पण ही इंग्रजी मोजक्या ठरीव वाक्यांची आहे आणि ती घोटल्याने येते. माझा चुलत भाऊ गच्चीवर टॉवर व्हायचा आणि कागदावरची परवानगी मुद्दाम भरभर वाचायचा. मी ती लिहून घेऊन परत म्हणायचो. धावपट्टी, उंची, दिशा, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारवर विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड या गोष्टी नुसते ‘रॉजर’ (ऐकले) म्हणून सोडून देता येत नाहीत, त्या जशाच्या तशा परत म्हणाव्याच लागतात. १९७७ साली टेनेरिफमध्ये धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे गेली. ‘टेक ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, ही शिस्त त्यानंतर रुजली. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यातल्या एका विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली उतरले आणि १४,००० फुटांवरच्या विमानाला धडकले. हे वाचल्यापासून उंचीचा आकडा परत म्हणताना मी घाई करत नाही.

रेडिओच बंद पडला तर काय, हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न. ट्रान्सपाँडरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावायचा आणि टॉवरच्या दिव्याकडे पाहायचे : हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्यायची. जमिनीवर याच रंगांचे अर्थ बदलतात, म्हणून दोन्ही तक्ते वेगवेगळ्या दिवशी पाठ करावेत, एकत्र केले की गल्लत होते.

पेपर सुटल्यावर दूरच्या उड्डाणाची पाळी आली. आधी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचून वाटेतली प्रतिबंधित, निर्बंधित आणि धोक्याची क्षेत्रे नकाशावर पेन्सिलीने आखायची, मग फ्लाइट प्लॅन भरायचा आणि हवाई दलाकडून एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) व उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी असे दोन क्रमांक मिळवायचे. फोनवर ते क्रमांक सांगणाऱ्या अधिकाऱ्यालाही मी सवयीने दोन्ही परत म्हणून दाखवले आणि त्यांनी शांतपणे ‘बरोबर’ म्हटल्यावरच फोन ठेवला.