दहा विजयांच्या संघातला रॉबर्ट कोव्हिंग्टन

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फिलाडेल्फियाच्या सेव्हंटीसिक्सर्स (सिक्सर्स) संघाने २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी १० सामने जिंकले, पुढच्या हंगामात २८ आणि त्यापुढच्या हंगामात ५२. या तीन हंगामांत रॉबर्ट कोव्हिंग्टनची गुणांची सरासरी अनुक्रमे १२.८, १२.९ आणि १२.६ अशी होती. खेळाडू तोच होता, त्याचे कामही तेच होते. पण पहिल्या वर्षी त्याची दखल घेणारे फारसे कोणी नव्हते, दुसऱ्या वर्षी घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारांच्या मतदानातून निवडल्या जाणाऱ्या एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचांत त्याचे नाव आले. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूचे मोल आपण किती चुकीच्या मापाने मोजतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला गेल्या काही वर्षांत दिसलेले नाही.

कोव्हिंग्टन टेनेसी स्टेट या फारशा नावाजलेल्या नसलेल्या विद्यापीठाकडून खेळला आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने त्याला निवडले नाही. ह्यूस्टनने त्याला करारबद्ध केले खरे, परंतु त्याचा बहुतेक हंगाम एनबीएच्या खालच्या स्तरावरील डी-लीगमध्येच गेला. तेथे त्याला वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळाला आणि तरीही २०१४ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर ह्यूस्टनने त्याला मोकळे केले. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाने त्याला घेतले, तेव्हा हा संघ जाणूनबुजून तळाशी राहण्याच्या मार्गावर होता. व्यवस्थापक सॅम हिंकी यांचा हिशेब असा होता की, मधल्या फळीत घुटमळत राहण्यापेक्षा काही वर्षे हरावे, तळाच्या संघांना मिळणारे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक मिळवावेत आणि त्यांतून असामान्य खेळाडू उभे करावेत. या धोरणाला चाहत्यांनी ‘प्रोसेस’ असे नाव दिले होते. ड्राफ्टमधून आलेला जोएल एम्बीड पायाच्या दुखापतीमुळे दोन पूर्ण हंगाम बाहेर बसला होता आणि उरलेल्या संघात आज आलेला खेळाडू महिनाभराने असेल की नाही, याची खात्री नसे. २०१४-१५ चा हंगाम सलग १७ पराभवांनी सुरू झाला, त्यापुढचा सलग १८ पराभवांनी; आणि आदल्या हंगामाच्या शेवटचे १० पराभव त्याला जोडले, तर सलग २८. ही मालिका १ डिसेंबर २०१५ रोजी लेकर्सविरुद्ध तुटली. तो लेकर्सचा तारा कोबी ब्रायंट याचा आपल्या जन्मगावातला, फिलाडेल्फियातला, अखेरचा सामना असल्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

अशा संघात गुण मिळवणे हे तसे अवघड नसते, कारण कोणीतरी चेंडू फेकायचाच असतो. अवघड असतो तो बचाव. पाच जणांपैकी दोघांना आपली जागा ठाऊक नसेल, तर तिसऱ्याचे काम दुप्पट होते आणि त्याने ते केले, तरी गुणफलकावर काही उमटत नाही. कोव्हिंग्टनची उंची साडेसहा फुटांवर आणि हात त्या उंचीच्या मानानेही लांब. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत धोकादायक खेळाडू, मग तो चपळ गार्ड असो की दणकट फॉरवर्ड, बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला येई. त्याच्या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, आपल्या माणसावर नजर ठेवूनही त्याचा एक हात सतत पासच्या वाटेत असे. चेंडू हिसकावता आला नाही, तरी बोटांचा ओझरता स्पर्श होई, पास अर्ध्या हाताने भरकटे, तो घेणाऱ्याला एक पाऊल मागे यावे लागे आणि फेक टाकण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले दोन-तीन सेकंद वाया जात. या स्पर्शाला बास्केटबॉलमध्ये डिफ्लेक्शन म्हणतात. गुणपत्रिकेच्या नेहमीच्या रकान्यांत त्याला जागा नाही; एनबीएने त्याची वेगळी मोजणी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा कोव्हिंग्टन त्या यादीत अगदी वरच्या नावांत होता.

आता हुर्योविषयी. २०१६-१७ च्या हंगामाच्या आरंभी त्याचे तीन गुणांचे फेक जाईनासे झाले. मोकळ्या जागी उभा, पास अचूक, फेकण्याची लकबही तीच, आणि चेंडू रिंगणाला लागून बाहेर. फिलाडेल्फियाचा प्रेक्षक मनातले लपवणारा नाही आणि त्याच्या निष्ठेविषयी मला आदरच आहे. इतके पराभव पाहूनही तो मैदानावर येत राहिला. तरीही कोव्हिंग्टनने चेंडू हातात घेताच उठणारी ती नाराजी मला अन्यायाची वाटत होती, कारण त्याच हंगामात त्याचा बचाव तोपर्यंतच्या कोणत्याही वर्षापेक्षा सरस होता. प्रत्येक सामन्यामागे जवळपास दोन वेळा तो चेंडू हिसकावत होता आणि एक फेक अडवत होता. फेक चुकतो तेव्हा तो वीस हजार लोकांना एकाच क्षणी दिसतो. वाटेत उभा केलेला आडोसा चुकवून, धापा टाकत, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या आवडत्या जागेपासून दूर ठेवले, हे मात्र पाहणाऱ्याने शोधावे लागते.

३ जानेवारी २०१७ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या रिकी रुबिओने तीन गुणांचा फेक टाकून ९१-९१ अशी बरोबरी साधली, तेव्हा दोन सेकंदही उरले नव्हते. चेंडू बाहेरून आत देण्यासाठी सिक्सर्सचा डारिओ शारिच उभा होता. सगळ्यांचे लक्ष अर्थातच एम्बीडकडे होते. कोव्हिंग्टनने बास्केटच्या दिशेने धाव घेतली, शारिचचा पास वरच्यावर घेतला आणि पाय जमिनीला टेकण्याचीही फार वाट न पाहता चेंडू आत टाकला. संघ ९३-९१ असा जिंकला. त्याच महिन्यात पोर्टलँडविरुद्ध शेवटच्या पाच सेकंदांत त्याने टाकलेल्या तीन गुणांनी ९३-९२ असा आणखी एक सामना मिळवून दिला. लोकांनी त्याला पुन्हा आपलेसे केले ते या दोन फेकांमुळे, याचा मला आनंद झाला. पण हा गौरव त्याला बचावासाठी मिळायला हवा होता, असेही तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलक्यावारी बाजूला सारण्यासारखा नाही. इतका उपयोगी खेळाडू संघात असूनही संघ २०१५-१६ मध्ये ७२ सामने कसा हरला? याचे उत्तर त्याच हंगामात सापडते. डिसेंबर २०१५ मध्ये नाताळाच्या तोंडावर सिक्सर्सची स्थिती एक विजय आणि तीस पराभव अशी होती. तेव्हा त्यांनी न्यू ऑर्लीन्सकडून इश स्मिथ हा पॉइंट गार्ड आणला. हा काही मोठा तारा नव्हे, पण चेंडू पुढे नेणारा आणि योग्य वेळी योग्य हातात देणारा माणूस होता. उरलेल्या ५१ सामन्यांत संघाने ९ जिंकले. हे वाईटच आहे, परंतु १-३० पेक्षा कितीतरी बरे. कोव्हिंग्टन हा स्वतः चेंडू खेळवत नेऊन संधी निर्माण करणारा खेळाडू कधीच नव्हता. ड्रिबल करताना तो अडखळे आणि गर्दीत शिरला की चेंडू गमावत असे. इतरांनी उभी केलेली संधी पूर्ण करणे आणि प्रतिस्पर्ध्याची संधी मोडणे, ही त्याची दोन कामे. पहिले काम इतरांवर अवलंबून असल्याने वाईट संघात ते झाकोळले जाते आणि दुसऱ्या कामाकडे वाईट संघात कोणी पाहतच नाही. म्हणून अशा खेळाडूकडे ‘दहा विजयांच्या संघातला एक’ म्हणून पाहणे म्हणजे भिंत पडली म्हणून तिच्यातल्या प्रत्येक विटेला कच्ची ठरवणे होय.

२०१७-१८ मध्ये बेन सिमन्स खेळू लागला, एम्बीड बऱ्यापैकी तंदुरुस्त राहिला आणि कोव्हिंग्टनच्या वाट्याला मोकळे फेक व पाठीशी भक्कम आधार असे दोन्ही आले. त्या नोव्हेंबरमध्ये त्याने चार वर्षांचा सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरांचा नवा करार केला. तोपर्यंत तो वर्षाला दहा-पंधरा लाख डॉलरांवर खेळत होता, जे एनबीएच्या मानाने नाममात्रच. मात्र बॉस्टनविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) मालिकेत तो चाचपडला, चौथ्या सामन्यात त्याच्या जागी टी. जे. मॅकॉनेलला सुरुवातीला उतरवले गेले आणि संघ ४-१ असा हरला. प्रतिस्पर्धी बचाव घट्ट झाला की स्वतःहून गुण निर्माण करू न शकणाऱ्या खेळाडूची मर्यादा उघडी पडते. त्याची स्तुती करताना ही बाब झाकण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जिमी बटलर या नावाजलेल्या खेळाडूला मिळवण्यासाठी फिलाडेल्फियाने शारिचबरोबर त्याला मिनेसोटाला दिले. बटलरसारखा खेळाडू मिळत असताना हा व्यवहार चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. मिनेसोटाचा बचाव त्याच्या येण्याने लगेच सुधारला, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या हंगामात तो तेथे २२ सामन्यांपलीकडे खेळू शकला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये चार संघांच्या मोठ्या अदलाबदलीत ह्यूस्टनने क्लिंट कपेला हा आपला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आणि पहिल्या फेरीतला एक ड्राफ्ट हक्क देऊन त्याला परत मिळवले. उंच सेंटरशिवाय खेळण्याची ह्यूस्टनची त्या वर्षीची सगळी योजना त्याच्यावर आणि पी. जे. टकरवर उभी होती. फॉरवर्डची उंची असलेला कोव्हिंग्टन तेथे बास्केटजवळ उभा राहून सामन्यामागे दोनहून अधिक फेक अडवत होता, आणि त्याची गुणांची सरासरी तेव्हाही बाराच्या आसपासच होती.