कोल्हापूर ते गहुंजे : टस्कर्सचा सामना पाहायला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेतील कोल्हापूर टस्कर्स या संघाचा सामना मैदानावर जाऊन पाहायचा ठरवला असेल, तर आधी हे पक्के समजून घ्यावे की सामने जेथे होतात ते महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम पुणे शहरात नाही. ते मावळ तालुक्यात गहुंजे येथे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला अगदी खेटून आहे आणि स्वारगेटपासून सुमारे तीस किलोमीटर लांब पडते. आम्हाला मात्र ‘स्वारगेटला पोहोचलात की झालेच, तिथून अर्धा तास’ असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. सांगणारे गृहस्थ जन्माने पुणेकर असून क्रिकेटवर तासन्‌तास बोलतात. मात्र गहुंज्याला ते स्वतः कधीही गेलेले नाहीत, हे आम्हाला परत आल्यावर कळले.

दुसरी दिशाभूल संघाच्या नावामुळे होते. कोल्हापूरचा संघ म्हटल्यावर त्याचे निदान एक-दोन सामने कोल्हापुरात होत असतील, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात पुरुषांचे सर्व संघ याच एका मैदानावर खेळत आले आहेत. घरचे मैदान आणि बाहेरचे मैदान हा प्रकारच या स्पर्धेत नाही. खेळाडूही पेठेतले असतील अशा अपेक्षेने जाऊ नये. आपल्याकडे फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचा किंवा प्रॅक्टिस क्लबचा पोरगा कोणत्या गल्लीतला, हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. येथे पहिल्या मोसमात आपले नेतृत्व केदार जाधवांकडे होते आणि ते पुण्याचे. खेळाडू लिलावातून येतात. २०२३ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चासाठी २० लाख रुपयांची मर्यादा होती आणि त्यांतले तब्बल सहा लाख टस्कर्सने एकट्या नौशाद शेखवर लावले, तो त्या लिलावातला सर्वांत महाग खेळाडू ठरला. ज्यांना आयपीएलचे आकडे ऐकण्याची सवय आहे त्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. पण रणजी संघाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलासाठी ती किरकोळ नाही, आणि मैदानावर ते दिसते.

स्पर्धेची रचना येथे सांगतो, ती केवळ कोणत्या दिवशी जावे हे ठरवता यावे म्हणून. महाराष्ट्र प्रीमियर लीग, अर्थात एमपीएल, सध्याच्या स्वरूपात जून २०२३ मध्ये सुरू झाली. मुंबई आणि विदर्भ यांच्या क्रिकेट संघटना वेगळ्या असल्याने तो भाग वगळून उरलेल्या महाराष्ट्रातील खेळाडू येथे खेळतात; परदेशी खेळाडू नसतात. संघ सहा. सामना नेहमीच्या टी-ट्वेंटीचा, म्हणजे वीस षटके, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके आणि पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर केवळ दोन क्षेत्ररक्षक. पहिल्या मोसमात प्रत्येक संघ इतर पाचांशी एकेकदा खेळला आणि साखळीचे १५ व बाद फेरीचे ४ असे १९ सामने पंधरवड्यात उरकले. गुणतक्त्यातील पहिले चार संघ पुढे जातात. त्यांपैकी पहिल्या दोघांना क्वालिफायरमध्ये हरल्यावरही आणखी एक संधी मिळते, तिसऱ्या आणि चौथ्या संघाला मात्र एलिमिनेटरमध्ये हरले की घरी जावे लागते.

यावरून निष्कर्ष असा की अंतिम सामन्यासाठी कोल्हापूरहून मुळीच जाऊ नये. हा निष्कर्ष काहींना विचित्र वाटेल, म्हणून कारण देतो. ही स्पर्धा जूनमध्ये असते आणि गहुंजे मावळात आहे. मावळातला जून कसा असतो हे वेगळे सांगायला नको. पहिल्याच मोसमाचा अंतिम सामना रत्नागिरी जेट्स आणि कोल्हापूर टस्कर्स यांच्यात होता, तो पावसामुळे पूर्ण होऊ शकला नाही आणि साखळीत अव्वल राहिलेल्या रत्नागिरीला विजेते ठरवण्यात आले. नियम म्हणून यात काही गैर नाही. परंतु अडीचशे किलोमीटर गाडी हाकून कव्हर्स पाहायची आणि विजेतेपद गुणतक्त्यावरून गेलेले ऐकायचे, हे ज्याला सोसेल त्यानेच अंतिम सामन्याचा बेत करावा. साखळीतला असा दिवस निवडावा की ज्या दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन सामने आहेत. म्हणजे एक वाहून गेला तरी दुसरा हाती लागण्याची शक्यता राहते.

कोल्हापूर ते पुणे या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. कागल ते सातारा रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालू असल्याने जेथे जेथे उड्डाणपुलाचे काम आहे तेथे सेवा रस्त्यावर उतरावे लागते, आणि कराडजवळ किती वेळ जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार टोलनाके लागतात. जाताना खंबाटकीचा बोगदा मिळतो, त्यामुळे घाट चढावा लागत नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या वळणावर मात्र वेग आवरावा. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, तेथे गाडी गिअरमध्येच ठेवावी.

खरी परीक्षा किवळ्याला सुरू होते. मोबाइलमधील नकाशाने आम्हाला सरळ द्रुतगती मार्गावर चढवले, थोड्या अंतरावर बाजूला स्टेडियम दिसू लागले, छताखालचे दिवेसुद्धा मोजता येत होते, आणि नकाशातील बाईंनी आपण इच्छित स्थळी पोहोचल्याचे जाहीर केले. मधे लोखंडी कठडा होता. द्रुतगती मार्गावरून स्टेडियमकडे उतरायला तेथे वाट नाही आणि त्या मार्गावर थांबायलाही परवानगी नाही. आम्हाला तळेगाव-उर्से येथपर्यंत पुढे जाऊन, टोल भरून, जुन्या महामार्गाने देहूरोडकडे उलटे यावे लागले आणि या प्रदक्षिणेत सामन्याचा पॉवरप्ले गेला. टी-ट्वेंटीत पहिली सहा षटके जाणे म्हणजे काय, हे २०२३ चा उद्घाटनाचा सामना आठवणाऱ्यांना कळेल. त्या सामन्यात ऋतुराज गायकवाडने आपल्या टस्कर्सविरुद्धच २७ चेंडूंत ६४ धावा केल्या होत्या. उशिरा आलेल्याने पाहायचे काय? भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात नाबाद ४४३ केल्या, तेव्हा आपल्या कोल्हापूरकराची फलंदाजी पाहायला कोणी दुसऱ्या दिवशी पोहोचला असता तरी चालले असते.

म्हणून द्रुतगती मार्ग सुरू होण्याआधी, किवळ्याच्या मुकाई चौकापाशीच बाह्यवळण सोडावे आणि देहूरोडच्या अंगाने मामुर्डीतून गहुंज्याचा रस्ता धरावा. नकाशात स्टेडियमचे नाव न टाकता आधी मामुर्डी टाकावे. या शेवटच्या तुकड्याबद्दल कोणी चांगले बोलत असेल तर त्याने तो कोरड्या दिवसात पाहिला असणार. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना इमारतींची बांधकामे चालू आहेत, सिमेंटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर सामन्याच्या वेळीही ये-जा करतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर डांबर कोठे संपते आणि चिखल कोठे सुरू होतो हे चाक रुतल्यावरच समजते. दिवे जवळपास नाहीतच. सामन्याच्या किमान दोन तास आधी हा तुकडा पार केलेला असावा. तासभर आधी निघालात तर नाणेफेक गाडीतच ऐकाल.

गाडी लावण्याची व्यवस्था हा आणखी एक संतापजनक भाग आहे. पोलिसांनी आम्हाला पुढे, पुढे असे हात दाखवत ज्या ठिकाणी नेऊन सोडले, ते दोरी बांधून केलेले एक खासगी शेत होते. चारचाकीला दोनशे रुपये घेतले, पावती दिली नाही. परत निघताना पुढचे चाक चिखलात फिरू लागले, तेव्हा तीच मुले गोणपाट आणि विटांचे तुकडे घेऊन तत्परतेने हजर झाली, चाकाखाली गोणपाट सारले, गाडी ढकलली आणि आणखी शंभर रुपये घेतले. गोणपाट आधीच ओले आणि चाकांच्या खुणांनी भरलेले होते, यावरून आमचा नंबर बराच मागचा असावा.

दुसऱ्या दिवशी गाडी निगडीला नातेवाइकांकडे ठेवून आम्ही रिक्षाने गेलो, आणि तो अनुभव पहिल्यापेक्षा महाग पडला. जाताना मीटर टाकायला कोणी तयार नव्हते, तरी सौदा बरा झाला. सामना संपल्यावर मात्र त्याच अंतरासाठी सहाशे रुपये मागण्यात आले. देहूरोड स्थानकापर्यंतच्या पाच-सहा किलोमीटरला, जेथे मीटरने फार तर सव्वाशे व्हावेत, तेथे चारशेच्या खाली कोणी बोलत नव्हते. मोबाइलवरून मागवलेली गाडी दोनदा स्वीकारली गेली आणि दोनदा रद्द झाली. माझा सल्ला असा की फाटकासमोर भाव करूच नये. गर्दीबरोबर मामुर्डीच्या दिशेने वीस मिनिटे चालावे, कारण तेथे परत येणाऱ्या रिकाम्या रिक्षा मिळतात आणि भाव निम्म्यावर येतो. त्यासाठी विजेरी आणि चिखलाची पर्वा न करणारी पादत्राणे हवीत. कोल्हापुरी चप्पल अभिमानाची असली तरी त्या रस्त्यावर तिचे हाल होतील.

रेल्वेने जाणाऱ्यांनी पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड गाठावे. बेगडेवाडीही जवळ आहे, पण तेथे रिक्षा मिळण्याची खात्री नाही. एसटीने स्वारगेटला उतरलात, तर तेथून मेट्रोने शिवाजीनगरला यावे आणि लोकल पकडावी. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे पुणे शहरात शिरूच नये. मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स बाह्यवळणावरून वाकडमार्गे जातात, तेव्हा वाकडला किंवा चालकाने मान्य केल्यास किवळ्याला उतरावे. आमच्यातले दोघे असेच आले आणि आम्हा गाडीवाल्यांच्या आधी पोहोचून पाय पसरून बसले होते.

आत गेल्यावर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. मैदान सुंदर आहे, पाण्याचा निचरा उत्तम आहे आणि कोणत्याही जागेवरून खेळपट्टी नीट दिसते. सगळ्या आसनांवर छत नाही, तेव्हा रेनकोट न्यावा. छत्री फाटकावरच अडवली जाते. पाण्याची बाटलीही नेऊ देत नाहीत आणि आतले पाणी महाग आहे. गर्दी कमी असल्याने सीमारेषेच्या अगदी जवळ बसता येते, आणि दूरचित्रवाणीवर न दिसणारा खेळ तेथे दिसतो. आमच्यासमोर लाँग ऑनला उभा असलेला एक कोवळा मुलगा प्रत्येक चेंडूआधी उजव्या बुटाचे खिळे डाव्या टाचेवर आपटून चिखल काढत होता. एकदा ते राहून गेले, त्याच चेंडूवर तो वळताना घसरला आणि दोनच्या जागी चार गेल्या. कर्णधाराने लांबून केवळ दोन्ही हात पसरले. पुढच्या चेंडूपासून पोराने दोन्ही बूट आपटायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी पाऊस आला आणि मैदान झाकले गेले. निम्मे प्रेक्षक उठून गेले, तेही रिक्षा स्वस्त मिळेल म्हणून. त्यांनी घाई केली. वीस षटकांच्या सामन्याचा निकाल लागण्यासाठी दोन्ही डावांत किमान पाच-पाच षटकांची संधी मिळणे पुरेसे असते, त्यामुळे पंच बराच वेळ वाट पाहतात, षटके कमी करतात, पाठलाग करणाऱ्या संघाला डकवर्थ-लुईस-स्टर्न या गणिती पद्धतीने नवे लक्ष्य देतात आणि अचानक एक अत्यंत धावपळीचा सामना उभा राहतो. आम्ही पाहिलेला सर्वांत रंगतदार तासभर असाच होता. सामना रद्द झाल्याची अधिकृत घोषणा होईपर्यंत जागा सोडू नये.

निगडीतला पाहुणचार, दुसऱ्या दिवशीची निवांत सकाळ वगैरे ठीक होते.

परतीबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो. रात्रीचा सामना अकराच्या पुढे जातो, पाऊस आला तर त्याहून उशीर होतो. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास पुण्याहून सुटते. रात्रीच्या सामन्यानंतर गहुंज्याहून निघून ती पकडण्याचा बेत कोणी सुचवला तर त्याच्याबरोबर जाऊ नये. दुपारचा सामना पाहिलात तर तीच गाडी उत्तम, सकाळी कोल्हापुरात. आपल्या गाडीने रात्रीच निघायचे असेल तर ध्यानात ठेवावे की आम्हाला येताना बोगदा मिळाला नाही, खंबाटकी घाट चढावा लागला, तेथे मालमोटारी रांगेने रांगत होत्या, आणि कराडपुढचे वळणरस्ते पहाटे तीन वाजता, पावसात, अर्धवट झोपेत पार करायचे असतात. आमच्याकडे आलटून पालटून गाडी चालवणारे दोघे होते, तरी पेठनाक्याला गाडी बाजूला घेऊन झोपावे लागले. ज्याच्याबरोबर दुसरा चालक नाही त्याने निगडी-आकुर्डीत मुक्काम करावा, आणि मुक्कामाची सोय नसेल तर दुपारचाच सामना निवडावा.