तिकांडं माथ्यावर आलं तेव्हा : १७ जानेवारीच्या रात्रीची नोंद

शनिवार, १७ जानेवारी २०२६. दुसऱ्या दिवशी पौष अमावस्या, म्हणून चंद्राची अडचण नव्हती. ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या शेताच्या धुऱ्यालगत पत्र्याची वेधशाळा उभारली आहे. लोखंडी अँगलवर गेटची चाकं बसवलेलं छप्पर दोघांनी ढकललं की मागे सरकतं आणि वर सगळं आकाश मोकळं होतं. हिवाळ्यात अमावस्येजवळच्या शनिवारी सर ती गावासाठी उघडतात. या वेळी मी माझी ८ इंची डॉब, म्हणजे लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, घेऊन गेलो.

दुर्बीण तीच : १२०० मिलीमीटर नाभीय अंतर, २५ आणि १० मिलीमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे ४८ पट आणि १२० पट. गेले तीन महिने मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या पोटातल्या ट्रॅपेझियम या दाट तारकागटाच्या मागे लागलो आहे. चार तारे सहज दिसतात. पाचवा, ज्याला ई म्हणतात आणि जो स्ट्रूव्हने १८२६ मध्ये नोंदवला, तो माझ्या वहीत अजून आला नव्हता. महागडा आयपीस घ्यावा असं मनात पक्कं होत आलं होतं.

पाच वाजताच दुर्बीण बाहेर काढून ठेवली. दिवसभर गाडीत तापलेला आरसा थंड व्हायला दीड-दोन तास लागतात, तोवर ग्रहाची कडा उकळत्या पाण्यासारखी हलते. अंधार पडल्यावर पश्चिमेला शनी होता. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. कडी तेव्हाही इतकी अरुंद होती की गोळ्यातून सुई आरपार टोचल्यासारखी दिसली. पोरांना पुस्तकातलं टोपीवालं चित्र हवं होतं. कडी पुन्हा उघडायला अजून काही वर्षं लागतील हे मी त्यांना समजावलं. एका मुलीने सुईचंच चित्र काढून घेतलं, आणि ते माझ्या वहीतल्यापेक्षा चांगलं होतं.

साडेसातपर्यंत पन्नासेक माणसं जमली. रांगेसाठी एक गोष्ट या रात्री शिकलो आणि ती इथे नीट लिहून ठेवतो. सुरुवातीला गुरूवर १० मिलीमीटरचा आयपीस लावला होता. डॉबला मोटर नाही. १२० पटीला गुरू दृष्टिक्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेदोन मिनिटांत निघून जातो. एक आजी डोळा लावेपर्यंत, चष्मा काढेपर्यंत तो गायब. मग २५ चा लावला आणि ग्रह मधोमध न ठेवता पूर्वेच्या कडेला ठेवून दिला, म्हणजे तो आपल्या चालीने मध्यातून जातो. आता चार मिनिटं हाताशी होती. चार चंद्र ४८ पटीलाही सुईच्या टोकासारखे स्पष्ट होते. लोकांनी तेवढंच मागितलं होतं, गुरूवरचे पट्टे मागणारा फक्त मीच होतो.

दुसरी अडचण आपल्या अक्षांशाची. गुरू तेव्हा मिथुन राशीत होता आणि इथे मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावरून जात होता. डॉबला बरोबर डोक्यावरची वस्तू धरणं फार जड जातं, तिथे ती आडवी फिरवता येत नाही. त्यामुळे गुरू दहाच्या आत दाखवून मोकळं व्हावं.

उजेडाचा बंदोबस्त सरांनी आधीच केला होता. जवळच्या एलईडी दिव्याला पत्र्याची टोपी बसवून घेतली आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं उद्यान) ठरलेल्या पेंचमध्येही शेजारच्या गावांचे दिवे खाली तोंड करून बसवले होते, तेच इथे एका दिव्यापुरतं. मोबाइलच्या टॉर्चवर संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला लाल कागद रबर लावून बांधला. तरी येणाऱ्या मोटरसायकलींचा झोत अडवता येत नाही. एक झोत आला की माझे डोळे पुन्हा वीस मिनिटं मागे.

दहाच्या सुमाराला पन्नाशीचे एक शेतकरी आले, हरभऱ्याच्या जागलीवरून, बॅटरी न लावता, धुऱ्याधुऱ्याने. रांग संपली होती. मी मृगाकडे बोट केलं तर ते म्हणाले, "हे त तिकांडं हाये भाऊ. माथ्यावर आलं का आमी मोटर चालू कराले जातो." तिकांडं म्हणजे मृगाच्या मधले ओळीतले तीन तारे. मग आणखी म्हणाले की दिवाळीत हेच तिकांडं माथ्यावर याले पहाटचे चार वाजत. मी मनात हिशेब केला. तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, दिवाळीपासून अठ्ठ्याऐंशी दिवस, म्हणजे सहा तासांना जरा कमी. बरोबर चार येतात. माझ्या ॲपशिवाय, घड्याळाशिवाय.

त्यांना २५ च्या आयपीसमधून तेजोमेघ दाखवला. ते बराच वेळ वाकून राहिले आणि हाताने तेजोमेघाचा पंखासारखा पसरलेला धूसर भाग दाखवायला लागले : "इकडे लंबा हाये, अन् खालून असा वळला." मी तीन महिन्यांत जो पंख वहीत काढला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट ते सांगत होते. मी स्वतः पाहिलं, मला तेवढा दिसला नाही. त्यांचे डोळे दोन तास अंधारात होते, माझे दर दहा मिनिटांनी मोबाइलच्या नकाशावर.

मग मोबाइल बंद करून सरांच्या खोलीत ठेवला. अर्धा तास दुर्बिणीला हात लावला नाही. चहाही अंधारातच घेतला. दरम्यान दक्षिणेला अगस्त्य नांगरटीच्या वर आला होता. तो इथून सतरा अंशांपर्यंतच चढतो, तरी स्वच्छ पांढरा होता. पावणेअकराला १० मिलीमीटरचा आयपीस लावला. आधी चार, मग हवा एक क्षण स्थिर झाली आणि पाचवा दिसला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एकंदर सहा वेळा, दर वेळी त्याच जागी. वहीत वेळ घातली : २२.५२. नवा आयपीस घ्यायचा नाही असं ठरवलं. कागदी नकाशा आणि लाल दिवा घेईन.

ते काका अजून बसले होते. ईशान्येला सप्तर्षींची चौकट वर आली होती. "थे बुढीचं बाजलं," ते म्हणाले, "अन् चोर अजून झाडामागं हायत." चौकट म्हणजे म्हातारीची बाज (खाट) आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती चोरून नेणारे चोर. गोंड समाजातली हीच गोष्ट मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ च्या संशोधनात नोंदवली आहे, पण ती मी प्रत्यक्ष कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. पुढच्या खेपेला वहीची एक बाजू फक्त अशा नावांसाठी ठेवतो.

एक वाजता छप्पर ओढून घेताना पाहिलं, चोर कडुनिंबाच्या वर आले होते.